चेनसॉचा कार्बोरेटर: गोड आवाजाच्या थोडं अलीकडे थांबा

पूर्ण रेस दिलेल्या चेनसॉचा आवाज जितका स्वच्छ आणि टोकदार, तितकं इंजिन जोमात, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात लाकडाबाहेर, हवेत धरून रेस दिल्यावर मशीन एकसुरी किंचाळत असेल, तर तिचा पिस्टन बहुधा नको तितका तापतो आहे. नीट लावलेली चेनसॉ त्या क्षणी जरा फाटक्या, बरबरत्या आवाजात बोलते, आणि साखळी लाकडात रुतली की तोच आवाज एकदम मोकळा होतो. कार्बोरेटर लावण्याची अर्धी विद्या हा फरक ऐकण्यात आहे. उरलेली अर्धी, तो फरक का पडतो हे समजण्यात.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. कार्बोरेटरचे स्क्रू पिळून ताकद ‘वाढत’ नाही. इंजिनाची ताकद त्यात किती हवा शिरते यावर ठरते. त्या हवेला साजेसं पेट्रोल पुरवणं एवढंच कार्बोरेटरचं काम. ५० सीसीचं टू-स्ट्रोक, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला पेटणारं, इंजिन मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल, तर कागदावर ते मिनिटाला ५०० लिटर हवा ओढतं. सिलिंडर दर वेळी पूर्ण भरत नाही हे धरून हिशेब केला, तर एका फेऱ्याच्या वाट्याला साधारण तीन मिलीग्रॅम पेट्रोल येतं. इंधनात तेलाचं प्रमाण ५० ला १ असेल, म्हणजे एका लिटरला २० मिलिलिटर, तर त्या तीन मिलीग्रॅमसोबत येणारं तेल मिलीग्रॅमच्या दहाव्या हिस्स्याहूनही कमी. क्रँकची बेअरिंगं, पिस्टन आणि सिलिंडरची भिंत या सगळ्यांचं वंगण एवढंच. या इंजिनात तेलाची वेगळी टाकी नसते. (साखळीच्या तेलाची असते, पण तिचा इंजिनाशी संबंध नाही.) म्हणून पेट्रोल कमी केलं की नकळत वंगणही कमी होतं.

रसायनशास्त्राच्या हिशेबानं एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते. पण जास्तीत जास्त ताकद मिळते ती साडेबारा-तेराला एक या प्रमाणाच्या आसपास, म्हणजे पेट्रोल थोडं जास्त असताना. कारण तुटवडा हवेचा असतो. आत आलेल्या प्राणवायूचा कणही वाया जाऊ नये म्हणून पेट्रोलच थोडं उधळावं लागतं. शिवाय जादा पेट्रोल बाष्प होताना उष्णता शोषतं आणि पिस्टनचा माथा थंड राहतो. पेट्रोल जास्त असलेल्या मिश्रणाला रिच म्हणतात, कमी असलेल्याला लीन. रिच मिश्रणाची शिक्षा म्हणजे धूर, काजळी आणि जरा मरगळ. लीन मिश्रणाची शिक्षा म्हणजे पिस्टनवर, विशेषतः धूर बाहेर पडण्याच्या बाजूला, उभे ओरखडे आणि मग सीझ झालेलं, म्हणजे पिस्टन अडकून जाम झालेलं, इंजिन. या दोन शिक्षा तोलामोलाच्या नाहीत. चूक करायचीच तर कोणत्या बाजूला करावी, हे त्यावरूनच ठरतं.

चेनसॉचा कार्बोरेटर मोटारसायकलच्या कार्बोरेटरसारखा नसतो. झाड पाडताना मशीन आडवी, फांद्या छाटताना कधी उलटी. पेट्रोलची वाटी आणि तरंगता फ्लोट तिथे चालणारच नाहीत. सुरुवातीच्या काही मोटर करवतींना फ्लोटच होता, आणि इंजिन सरळ ठेवण्यासाठी पातंच फिरवून आडवं करण्याची सोय करावी लागे. डायफ्रामच्या कार्बोरेटरनं ही कटकट संपवली. त्यात दोन पातळ पडदे असतात. पहिला पंपाचा. पिस्टनखालच्या पेटीतला, म्हणजे क्रँककेसमधला, दाब पिस्टनच्या प्रत्येक फेऱ्याला वरखाली होतो, आणि ती धडधड एका बारीक भोकातून या पडद्यापर्यंत पोचते. पडदा थरथरतो आणि टाकीतलं पेट्रोल ओढून घेतो. दुसरा पडदा मोजमापाचा. त्याच्या एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला पेट्रोल. इंजिनानं पेट्रोल ओढलं की पडदा आत दबतो, एक इवलासा लिव्हर दाबतो, सुई उचलली जाते आणि नवीन पेट्रोल आत येतं. मशीन कशीही धरा, या व्यवस्थेला वरखाली कळत नाही.

पेट्रोल ओढलं जातं ते मात्र जुन्याच तत्त्वावर. वाट अरुंद झाली की हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. डॅनियल बर्नूलीनं वेग आणि दाबाचं हे नातं १७३८ साली मांडलं, आणि ज्याच्या नावानं कार्बोरेटरच्या चिंचोळ्या गळ्याला व्हेंच्युरी म्हणतात त्या जोव्हान्नी बत्तिस्ता व्हेंतुरीचा अभ्यास १७९७ साली प्रसिद्ध झाला. या साध्या रचनेत एक उपजत खोड आहे. हवेचा वेग वाढत जातो तसं मिश्रण आपोआप रिच होत जातं. वेगवान हवा विरळ होते, पेट्रोल विरळ होत नाही.

सुरुवातीला सांगितलेला बरबरता आवाज याच खोडीतून येतो. लाकडाबाहेर पूर्ण रेसवर इंजिनाला भारच नसतो, फेरे कमालीचे वाढतात आणि मिश्रण इतकं रिच होतं की प्रत्येक फेऱ्याला पेटतच नाही. एक फेरा पेटतो, एक हुकतो. टू-स्ट्रोक इंजिन एका फेऱ्याआड पेटणाऱ्या फोर-स्ट्रोकसारखं वाजू लागतं, म्हणून याला फोर-स्ट्रोकिंग म्हणतात. साखळी लाकडात गेली की फेरे उतरतात, सिलिंडर साफ व्हायला वेळ मिळतो, मिश्रण ताकदीच्या पट्ट्यात येतं आणि प्रत्येक फेरा पेटू लागतो. म्हणजे मोजमापाचं एक उपकरण मशीनमध्ये फुकटच बसवलेलं आहे. कापताना मोकळा, उचलल्यावर बरबरता: आवाज असा बदलत असेल तर मिश्रण योग्य बाजूला आहे. उचलल्यावरही मोकळाच राहत असेल, तर स्क्रू जास्त आत गेला आहे.

स्क्रू सहसा तीन. ‘एल’ कमी रेसच्या पेट्रोलचा, ‘एच’ पूर्ण रेसच्या पेट्रोलचा, आणि ‘एलए’ किंवा ‘टी’ असं लिहिलेला तिसरा, जो फक्त रेसची पट्टी किती उघडी राहील ते ठरवतो. पहिले दोन घड्याळाच्या दिशेनं पिळले की लीन, उलट पिळले की रिच. क्रम एल, एलए, एच असाच ठेवावा, कारण पूर्ण रेसवरही एलच्या वाटेनं थोडं पेट्रोल येत राहतं. एच आधी लावला तर एलला हात लावताच तो पुन्हा चुकतो.

पण स्क्रूला हात लावण्याआधी एअर फिल्टर, इंधनाचा फिल्टर, टाकीचं हवेचं भोक आणि सायलेन्सरची जाळी साफ आहे ना, ते बघा. जाळी काजळीनं बुजली असेल तर एच कितीही पिळा, मशीन मरगळलेलीच राहणार. आणि साखळी? बोथट साखळीचा दोष कार्बोरेटरच्या माथी मारणारे पुष्कळ आहेत. कापण्याचा वेग वाढवायचा असेल तर कानस हातात घेणं हे कुठल्याही स्क्रूपेक्षा जास्त कामाचं.

इंजिन चांगलं तापू द्या, आणि तेही उघड्यावर. रिच मिश्रणाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. दोन्ही पेट्रोल-स्क्रू हलक्या हातानं तळाशी नेऊन साधारण एक फेरा बाहेर काढले की बहुतेक मॉडेलं सुरू तरी होतात; नेमका आकडा त्या त्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतो. तळाशी जोरानं आवळू नका, सुईचं टोक कायमचं बिघडतं. एल हळूहळू आतबाहेर करत इंजिन सर्वात वेगानं फिरतं ती जागा शोधा आणि तिथून एक अष्टमांश ते पाव फेरा बाहेर या. रेस दिल्यावर इंजिन क्षणभर गुदमरत असेल तर एल लीन आहे. धूर काढत जडपणे उठत असेल तर रिच. मग एलए असा लावा की स्लोवर इंजिन चालू राहील पण साखळी अजिबात फिरणार नाही. यात तडजोड नाही. शेवटी एच: लाकडात, लाकडाबाहेर, पुन्हा लाकडात, आणि बाहेरची पूर्ण रेस काही सेकंदांपुरतीच. फेरे मोजणारा टॅकोमीटर असेल तर वापरा, पण त्यावरचा मोठा आकडा ही शाबासकी समजू नका. भार नसताना एच आत घेत गेलं की फेरे वाढतच जातात, अगदी नुकसान सुरू होईपर्यंत. आणि १३,५०० वरून १५,००० वर गेल्यास वेगात ११ टक्क्यांची वाढ होते, पण पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवरचा ताण वेगाच्या वर्गानं, म्हणजे सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो.

एक सापळा नवीन मशीनमध्ये आहे. अनेकींच्या इग्निशन कॉइलमध्येच, म्हणजे ठिणगी देणाऱ्या भागातच, वेगाची मर्यादा असते. मर्यादा गाठली की कॉइल ठिणग्या गाळते, आणि तो आवाज हुबेहूब फोर-स्ट्रोकिंगसारखा येतो. मिश्रण लीन, पण कानाला वाटतं रिच. अशा मशीनवर एच आधी बराच बाहेर घ्यावा, वेग मर्यादेच्या खूप खाली असताना खरा बरबर ऐकावा आणि तिथून बेतानं आत यावं.

स्क्रूवर कुठेच समाधान होत नसेल, स्लोवर वेग आपोआप वरखाली होत असेल, किंवा रेस सोडल्यावर फेरे उतरायला वेळ लागत असेल, तर हवा चोरून आत येते आहे असा संशय घ्या. क्रँकचं सील किंवा कार्बोरेटरमागचा रबरी पाइप. नाहीतर डायफ्राम कडक झालेला असेल. इथे रिच करून आजार झाकणं म्हणजे सीझची तारीख पुढे ढकलणं.

आता फेरफार. सर्वांत आवडता प्रकार म्हणजे सायलेन्सर मोकळा करणं. धूर सहज बाहेर पडतो, हवा जास्त येते, ताकद खरोखर वाढते. पण जुन्या जागेवरचा एच आता लीन ठरतो. तो बाहेर घ्यावाच लागतो. ठिणग्या अडवणारी जाळी मात्र काढू नका. सुक्या रानात वणवा लागायला एक ठिणगी पुरते.

व्हेंच्युरी कोरून मोठी करणं हा माझ्या मते बहुतेकांसाठी तोट्याचा सौदा आहे. व्यास १० टक्के वाढवला की क्षेत्रफळ २१ टक्के वाढतं. तेवढ्याच हवेचा वेग सुमारे १७ टक्के उतरतो आणि पेट्रोल ओढणारा दाबातला फरक, जो वेगाच्या वर्गावर चालतो, जवळजवळ एक तृतीयांशानं घटतो. वरच्या टोकाला थोडं मिळतं, पण रेस दिल्याबरोबर उसळणं जातं. शर्यतीच्या करवतीला हे परवडतं. फांद्या छाटताना शंभर वेळा रेस सोडून पुन्हा देणाऱ्याला नाही.

स्क्रूवरच्या प्लॅस्टिक टोप्या हा वादाचा विषय. साध्या टू-स्ट्रोकमध्ये ताज्या मिश्रणाचा बराच भाग न जळताच धुरासोबत निघून जातो. अमेरिकेत १९९७ पासून लहान इंजिनांच्या धुरावर मर्यादा आल्या, आणि स्क्रू ठरावीक पट्ट्यातच फिरावा म्हणून या टोप्या रुळल्या. त्या काढल्या की मशीनचं प्रदूषणाचं प्रमाणपत्र मोडतं, आणि अनेक देशांत ते बेकायदा आहे. इलेक्ट्रॉनिक कार्बोरेटरमध्ये तर पेट्रोलचा स्क्रूच नसतो: प्रणाली मिश्रण क्षणभर लीन करते, फेरे वाढले की उतरले ते बघते आणि त्यावरून पेट्रोल ठरवते.

स्क्रूवाल्या मशीनला हवामानाची दखल आपणच घ्यावी लागते. ३५ अंशांवरून तापमान ५ अंशांवर आलं की हवा सुमारे ११ टक्के दाट होते. पेट्रोल मात्र वर्गमुळाच्या हिशेबानं वाढतं, म्हणून मिश्रण पाचेक टक्के लीन होतं. उंच डोंगरावर विरळ हवेत लावलेली चेनसॉ समुद्रसपाटीला आणली तरी तेच होतं. १,५०० मीटरच्या फरकानं हवेची घनता साधारण १४ टक्के बदलते. तेव्हा उन्हाळ्यात अगदी काठावर लावलेला एच थंडीच्या पहिल्या दिवशी एक अष्टमांश फेरा बाहेर घ्या, आणि मगच बरबर ऐकायला लागा.