प्रमाणपत्र नसलं तरी गाणं तुमचंच

‘पैसे भरून सर्टिफाइड आर्टिस्टचं प्रमाणपत्र घेतलं नाही, तर स्वतःच्या गाण्यावर हक्क राहत नाही,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या खोलीत गाणी रेकॉर्ड करणाऱ्या पोरांना ही भीती वाटणं साहजिक आहे. चोरीचा धसका प्रत्येक कलावंताला असतोच.

पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चाल लिहून किंवा रेकॉर्ड करून झाली, की हक्क आपोआप जन्मतो आणि रचनाकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो. (पैसे घेऊन दुसऱ्यासाठी चाल बांधली असेल, तर करार आधी वाचा, तिथं मालकी बदलू शकते.) सरकारी नोंदणी ऐच्छिक आहे. तरी ती उपयोगाची, कारण वाद कोर्टात गेला तर नोंद प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. खासगी प्रमाणपत्राला कायद्यानं हे वजन दिलेलं नाही.

मग ते अगदी निरुपयोगी का? शिकवून, परीक्षा घेऊन दिलेलं असेल तर तुमच्या तयारीची खूण म्हणून त्याला मान आहे. म्हणून पैसे भरण्याआधी प्रमाणपत्र देणाऱ्यांना सरळ विचारा: माझं गाणं ऐकून पारखणार कोण? आजवर कुणी नापास झालंय का? मग रंकाळ्यावर कार्यक्रम ठेवणाऱ्या आयोजकालाही विचारा, हा कागद तुम्ही कधी मागितलाय का, भाऊ? माझ्या अनुभवात तो रेकॉर्डिंगच मागतो.

आणि तारखेसह मूळ फाइल्स, कच्च्या चाली, सहकाऱ्यांशी झालेला लेखी करार जपून ठेवा. याला फारसा खर्च नाही.