चेंडू खोटा, हात खरा

डोळ्यांसमोर आभासी जग उभं करणारा हेडसेट घालून टेबल टेनिस खेळताना समोर टेबल नसतं, चेंडू नसतो, प्रतिस्पर्धीही नसतो. हातात बॅटऐवजी कंट्रोलर असतो आणि चेंडू 'लागला' की तो नुसता थरथरतो. असा हवेत हात फिरवून खरा खेळ सुधारेल? ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ५७ जणांवर हे करून पाहिलं आणि २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका गटाला आभासी टेबलावर सराव दिला, दुसऱ्याला काहीच दिला नाही, आणि खेळ जोखला तो खऱ्या टेबलावर. सराव केलेला गट स्पष्टपणे पुढे गेला होता. तुलना 'काहीच न करण्या'शी होती, खऱ्या टेबलावरच्या सरावाशी नव्हे, हे खरंच. तरीही वजन नसलेल्या चेंडूनं वजन असलेला चेंडू मारायला शिकवलं, एवढं उरतंच.

एका ठिकाणी शिकलेलं दुसरीकडे कधी उपयोगी पडतं, हा प्रश्न हेडसेटपेक्षा फार जुना आहे. एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी १९०१ सालीच त्याचं उत्तर मांडलं होतं: दोन्ही कामांत जेवढे घटक सारखे, तेवढंच कौशल्य इकडून तिकडे जातं. उत्तर साधं वाटतं, पण पुढचा प्रश्न चिवट आहे. नेमकं काय सारखं असायला हवं? दिसणं, की करणं?

एडविन लिंक यांनी १९२९ साली तयार केलेलं वैमानिकांचं सराव यंत्र बघा. लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन आणि स्वयंचलित पियानो बनवण्याचा कारखाना होता. तिथलेच भाते आणि हवेचे पंप वापरून त्यांनी एक छोटी केबिन डुलवली, वळवली, कलवली. सुरुवातीला ती जत्रेतल्या खेळण्यासारखी खपली. १९३४ साली अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याचं काम आलं, खराब हवेत अपघात होऊन अनेक जण मेले, आणि मग लष्करानं अशी सहा यंत्रं विकत घेतली. गंमत म्हणजे केबिनवर झाकण घातलं की आतल्याला बाहेरचं काहीच दिसत नसे. ना आकाश, ना जमीन. समोर फक्त डायल. पण ढगात शिरलेल्या वैमानिकाची अवस्था तरी वेगळी काय असते? बाहेर पांढरा अंधार, आणि विमान सरळ आहे की कललंय याबद्दल कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा चक्क खोटं सांगत असते. अशा वेळी शरीराचं न ऐकता डायलवर विश्वास ठेवायचा, हेच ते कौशल्य. चित्र शून्य असूनही सराव नेमका होता.

शस्त्रक्रियेच्या बाबतीतही असंच घडलं. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटाला छोटी छिद्रं पाडून लांब दांड्यांची हत्यारं आत घालतात. हत्यार छिद्रापाशी टेकलेलं असल्यामुळे डॉक्टरांनी हात डावीकडे नेला की आतलं टोक उजवीकडे जातं, वल्ह्यासारखं. शिवाय सगळं सपाट पडद्यावर बघायचं, म्हणजे खोलीचा अंदाज गेला. मेंदूला हे उलटं गणित पचवायला वेळ लागतो, आणि पूर्वी तो वेळ रुग्णाच्या पोटात जाई. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १६ निवासी डॉक्टरांवर एक प्रयोग झाला. २००२ साली तो प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी नेहमीच्या शिक्षणाबरोबर संगणकावरचा आभासी सराव केला, मग सगळ्यांनी खऱ्या रुग्णाचं पित्ताशय यकृतापासून सोडवण्याचा टप्पा केला. कोण कोणत्या गटातला हे माहीत नसलेल्या तज्ज्ञांनी चित्रफिती पाहून चुका मोजल्या. सराव केलेल्यांनी काम २९ टक्के लवकर उरकलं आणि त्यांच्या चुका सरासरी १.१९ भरल्या, इतरांच्या ७.३८.

त्या सरावात पित्ताशय नव्हतंच. रक्त नाही, यकृत नाही. पडद्यावर साधे भौमितिक आकार. ते पकडायचे, हलवायचे, नेमक्या जागी डाग द्यायचा. हेडसेटही नव्हता, आणि तो लागणारही नव्हता, कारण खऱ्या शस्त्रक्रियेतही डॉक्टर पडद्याकडेच बघत असतात. दुसरी गोष्ट मला आकड्यांहून मोलाची वाटते. सराव किती तास करायचा हे ठरलेलंच नव्हतं. अनुभवी शल्यविशारदांनी त्याच यंत्रावर जी पातळी गाठली होती, ती गाठेपर्यंत थांबायचं नाही, एवढाच नियम. खेळाकडून शिक्षणानं उसनं घ्यावं असं काही असेल तर ते हेच: हा टप्पा जमल्याशिवाय पुढचा उघडत नाही.

याउलट नुसता झगमगाट वाढवला तर काय होतं? प्रयोगशाळेतलं काम शिकवणारा एकच आभासी पाठ काही विद्यार्थ्यांना साध्या पडद्यावर आणि हेडसेटमधून देऊन पाहिला गेला. हाही प्रयोग २०१९ सालीच प्रसिद्ध झाला. हेडसेटमध्ये 'आपण तिथेच आहोत' ही भावना जास्त होती, शिकणं मात्र कमी झालं. डोळे इकडेतिकडे बघण्यात गुंतले आणि डोक्यावरचा भार वाढला. म्हणून 'अगदी खऱ्यासारखं दिसतं' ही जाहिरात ऐकली की मी सावध होतो.

मग हेडसेट लागतो कुठे? जिथे चूक करून बघणं परवडतच नाही तिथे. अंतराळवीर यानाबाहेर काम करताना सुटून वाहवत गेला, तर पाठीवरच्या 'सेफर' या छोट्या यंत्रातून वायूचे झोत सोडत परत यायचं असतं. याचा सराव पाण्याच्या टाकीत नीट होत नाही. पाण्यात तरंगता येतं, पण पाणी गतीला अडवतं. अंतराळात एकदा गिरकी सुरू झाली की ती आपोआप थांबत नाही. म्हणून नासाच्या जॉन्सन अवकाश केंद्रात हा प्रसंग हेडसेट घालूनच घोटून घेतात. तिथेच अवजड वस्तू हाताळण्याचा सराव करायचा असतो, तेव्हा मात्र दोरांना जोडलेलं एक यंत्र हातांना खरा जोर लावायला लावतं. वजनाची जाणीव त्यांनी चित्रावर सोडलेली नाही.

घरगुती हेडसेटची खरी उणीव इथेच आहे. आग विझवायचा आभासी सिलिंडर हातात हलकाफूल असतो, खरा खांदा दुखवतो. हेडसेटमध्ये अंतरं आहेत त्यापेक्षा कमी भासतात, हेही अनेक प्रयोगांत दिसलंय. स्थिर खुर्चीत बसून गाडी चालवताना डोळे म्हणतात चाललोय, कान म्हणतो बसलोय, आणि मळमळ सुरू होते. गुण कशाला मिळतात यावरही बरंच अवलंबून असतं. घाईला गुण दिले तर खेळाडू घाईच शिकणार, आणि ती सवय खऱ्या कामातही सोबत येणार.

काय सारखं आहे आणि गुण कशाला मिळतात, दोन्ही नीट जुळलेलं वेल्डिंगचं उदाहरण म्हणून मला आवडतं. खऱ्या कामातही चेहऱ्यावर काळ्या काचेचं शिरस्त्राण असतं आणि ठिणगीपलीकडे फारसं दिसत नाही, त्यामुळे हेडसेट तिथे चपखल बसतो. वेल्डिंगच्या टोकाचं लोखंडापासूनचं अंतर, हाताचा कोन आणि सरकण्याचा वेग, तिन्ही मोजता येतात आणि चूक होता होताच दाखवता येतात. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी जवळपास सगळा सराव आभासी यंत्रावर केलेल्यांची तुलना अर्धा वेळ खऱ्या ठिणगीसमोर घालवलेल्यांशी केली. सोप्या आणि मध्यम जोडांना पहिल्या गटाचा आभासी सराव पुरला. अवघड जोडांना मात्र निम्मा वेळ खरं लोखंड लागलं.