'पिंक मून' ही एलपी नेण्यापूर्वी: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या रत्नागिरीच्या दुकानातून निक ड्रेक या इंग्रज गायक-गीतकाराची 'पिंक मून' ही एलपी नेणारे काही ग्राहक दोन-चार दिवसांत परत येतात आणि रेकॉर्ड सदोष असावी अशी शंका बोलून दाखवतात. ड्रम नाहीत, व्हायोलिन नाही, दोन्ही बाजू मिळून अर्ध्या तासाच्या आत आटोपतात आणि एका गाण्यात तर सुई अडकल्यासारखे तेच ते सूर येत राहतात, असे त्यांचे म्हणणे असते. तक्रार प्रामाणिक असते, पण रेकॉर्ड निर्दोष असते. हा अल्बम असाच आहे आणि तो असा का आहे, हे आधी ठाऊक असले तर ऐकण्याचा आनंद नक्की वाढतो.

ड्रेकचे पहिले दोन अल्बम, 'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट' (1969) आणि 'ब्रायटर लेटर' (1971), भरगच्च वाद्यमेळाचे होते. जो बॉइड यांची निर्मिती आणि रॉबर्ट कर्बी यांनी रचलेले तंतुवाद्यांचे साज असूनही दोन्ही फारसे खपले नाहीत. त्यानंतर ऑक्टोबर 1971 मध्ये लंडनच्या 'साउंड टेक्निक्स' स्टुडिओत ड्रेक आणि ध्वनिमुद्रक जॉन वुड अशा दोघांनीच रात्री उशिरा बसून, अवघ्या दोन बैठकींत, हा संपूर्ण अल्बम पुरा केला. आवाज आणि एक गिटार, एवढाच त्याचा ऐवज आहे. शीर्षकगीतात मात्र पियानोचे मोजके सूर नंतर भरले आहेत. ड्रेकने ध्वनिफिती रेकॉर्ड कंपनीच्या स्वागतकक्षात ठेवल्या आणि एक शब्दही न बोलता तो निघून गेला, ही कथा फार सांगितली जाते. पण ती खरी नाही. त्या त्याने त्या कंपनीच्या, म्हणजे आयलंड रेकॉर्ड्सच्या, ख्रिस ब्लॅकवेल यांच्या हाती स्वतः दिल्या होत्या.

एकच गिटार वाजत असताना दोन वाजत असल्याचा भास होतो, तो तारा जुळवण्याच्या पद्धतीमुळे. ड्रेक गाण्यागणिक तारा नेहमीपेक्षा वेगळ्या सुरांत लावत असे, त्यामुळे न दाबलेल्या तारा घुमत राहतात. खर्जाच्या तारांवर अंगठा आपली चाल धरून असतो आणि वरच्या तारांवर बोटे दुसरीच चाल वाजवतात. शीर्षकगीताचा पियानो आला की काही क्षण ऐकणारा दचकतो, इतका कान तोवर त्या गिटारला सरावलेला असतो. सुई अडकल्याची शंका येते ते 'नो' (Know) हे गाणे. त्यात गिटारची एक अगदी छोटी सुरावट अखंड फिरत राहते, ड्रेक बराच वेळ नुसता गुणगुणतो आणि शब्द म्हणाल तर अवघ्या चार ओळी आहेत.

25 फेब्रुवारी 1972 रोजी हा अल्बम बाजारात आला आणि आधीच्या दोन्हींपेक्षाही कमी खपला. ड्रेकने त्यासाठी ना कार्यक्रम केले ना मुलाखती दिल्या. नैराश्याने तो खचला होता. 25 नोव्हेंबर 1974 रोजी, वयाच्या 26 व्या वर्षी, आईवडिलांच्या घरी त्याचा मृत्यू झाला. पुढची पंचवीस वर्षे हा अल्बम एकाने दुसऱ्याला ऐकवावा अशाच रीतीने जिवंत राहिला. मग 1999 च्या अखेरीस फोक्सवॅगनने आपल्या उघड्या टपाच्या मोटारीच्या अमेरिकेतील जाहिरातीत शीर्षकगीत वापरले: चार तरुण चांदण्या रात्री गाडीतून एका पार्टीला पोहोचतात, तिथला गोंगाट पाहतात आणि आत न जाताच माघारी वळतात. त्यानंतर विक्री अनेक पटींनी वाढली. आता सार्वकालिक श्रेष्ठ अल्बमच्या याद्यांत 'पिंक मून' हमखास असतो. जाहिरातीने हे गाणे बाटवले असे काही रसिक मानतात. आम्हाला ते पटत नाही, कारण त्या जाहिरातीत गाण्यावर बोलण्याचा भडिमार नव्हता, गाणे गाण्यासारखे ऐकू दिले होते.

रत्नागिरीकरांसाठी आणखी एक गोष्ट. ड्रेकचा जन्म 1948 मध्ये रंगूनला झाला आणि त्याचे वडील बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये अभियंता होते. ब्रह्मदेशातील सागवानावरून याच कंपनीशी झालेला वाद 1885 च्या इंग्रज-बर्मी युद्धाचे निमित्त ठरला, आणि त्या युद्धात पदच्युत झालेले थिबा राजे कैदी म्हणून आपल्या गावी आले.

ध्वनिमुद्रणात इतकी शांतता असल्यामुळे रेकॉर्डवरचा धुळीचा कणही यात ऐकू येतो; मोठ्या वाद्यमेळात जो कडकड आवाज लपून जातो तो इथे लपत नाही. आपल्या दमट, खाऱ्या हवेत पावसाळ्यात वेष्टनावर आणि रेकॉर्डच्या खाचांत बुरशी धरते, म्हणून रेकॉर्ड भिंतीपासून दूर, उभी ठेवावी आणि आतले कागदी पाकीट ओलसर वाटले तर लगेच बदलावे. जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळत असताना हा अल्बम नीट ऐकताच येत नाही, त्यामुळे उघडीप पाहून दुकानात यावे. घेण्यापूर्वी दोन्ही बाजू पूर्ण ऐकवण्याची आमची तयारी असते. घरच्या प्लेअरची सुई जुनी असेल तर तीही सोबत आणावी, आम्ही ती भिंगाखाली तपासून देतो आणि त्याचे पैसे घेत नाही.