घरी कोण बसलं, हे मोबाइल टॉवरला कितपत कळतं?

'झोपडपट्टीतले लोक घरात बसत नाहीत, म्हणून साथ पसरते.' २०२० च्या टाळेबंदीत मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये हे सर्रास ऐकू यायचं. थाळीच्या कंपनांनी विषाणू मरतो, या फिरत्या संदेशाइतकंच ते निराधार होतं.

कोण घरात बसलं याचा पुरावा म्हणून मोबाइलच्या नोंदी दाखवता येतील असं वाटतं, पण त्यांत गफलती आहेत. लोकांची ये-जा या नोंदींवरून मोजतात. त्यातलं एक लाडकं माप म्हणजे रेडियस ऑफ जायरेशन, म्हणजे माणूस दिवसभरात किती दूरवर वावरला हे सांगणारी त्रिज्या. फोन दर तासाला कोणत्या टॉवरच्या हद्दीत होता ते मांडायचं, सगळ्या नोंदींचा मध्य काढायचा, प्रत्येक नोंदीचं त्या मध्यापासूनचं अंतर घ्यायचं. मग अंतरांचे वर्ग, वर्गांची सरासरी, सरासरीचं वर्गमूळ.

बोरिवलीहून चर्चगेटला जाऊन दहा तास तिथे काढणारा माणूस घ्या. सरळ रेषेत अंतर ३३ किलोमीटर. दिवसाची त्रिज्या येते सुमारे १६ किलोमीटर. एक किलोमीटरवरच्या उंच इमारतीत तेवढेच तास धुणीभांडी करणाऱ्या बाईची त्रिज्या जेमतेम अर्धा किलोमीटर. वर्ग केल्यामुळे लांबचा प्रवास सरासरीवर स्वार होतो. पहिला माणूस लॅपटॉप उघडून घरी बसला की त्याच्या भागाची सरासरी त्रिज्या धाडकन खाली येते. बाईचं काम सुटलं, पगार बुडाला, तरी आलेखावर रेघ हलत नाही. विरार-बदलापूरहून येणारे वॉर्डबॉय, सफाई कामगार तर थांबूच शकत नव्हते; १५ जून २०२० ला त्यांच्यासाठी लोकल सुरू झाली, तोवर बस हाच आधार होता.

दुसरी गफलत उत्पन्नाची. फोनला पगार ठाऊक नसतो. रात्री तो जिथे असतो ते घर धरतात आणि त्या भागाचं उत्पन्न माणसाला चिकटवतात. पण आपल्याकडे चाळ, झोपडी आणि चाळीस मजली इमारत एकाच टॉवरखाली नांदतात.

आणि ऐंशी मीटरवरच्या सार्वजनिक शौचालयाची रांग? पाण्याच्या नळावरची गर्दी? टॉवर बदलतच नाही, म्हणून हिशेबात ते अंतर शून्य. संसर्ग मात्र किलोमीटर मोजत नाही, तो माणसं मोजतो.

म्हणून ये-जा किती टक्क्यांनी घटली हे सांगताना शेजारी मूळ अंतर मीटरमध्ये छापावं, आणि झोपडपट्टी व इमारती वेगळ्या मोजाव्यात. जुलै २०२० मध्ये माटुंगा, चेंबूर पश्चिम आणि दहिसर या तीन प्रभागांतल्या प्रतिपिंड (संसर्ग होऊन गेल्याची रक्तातली खूण) सर्वेक्षणात तशी विभागणी केली होती: झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, बाहेर १६ टक्के.