गिअर-बदल, सायकलमधील : फ्रिक्शन व इंडेक्स पद्धती

सायकलच्या मागच्या चाकावरील एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर चेन सरकवण्याची क्रिया. चेन सरकवणारा भाग म्हणजे डिरेलर. शिफ्टरने (चालक हाताने हलवतो त्या दांड्याने) केबल ओढली की तो एका बाजूला जातो आणि सैल सोडली की स्वतःच्या स्प्रिंगने परततो. फ्रिक्शन शिफ्टरचा दांडा चकत्यांच्या घर्षणामुळे नेऊ तिथे थांबतो. चेन नीट बसली की नाही हे चालक आवाजावरून ओळखतो. इंडेक्स शिफ्टरमध्ये खाचा असतात व प्रत्येक ‘टक्’ला ठरावीक लांबीची केबल ओढली जाते.

इंडेक्स पद्धतीचा आरंभ सामान्यतः जपानच्या शिमानो कंपनीने 1984 च्या सुमारास ड्युरा-एस 7400 या गिअर-भागांच्या संचात आणलेल्या ‘एसआयएस’ (शिमानो इंडेक्स सिस्टिम) योजनेपासून मानतात. मात्र याच कंपनीच्या 1970 च्या दशकातील पॉझिट्रॉन या गिअर-योजनेत खाचा होत्या, त्याही शिफ्टरऐवजी डिरेलरमध्येच. हब गिअरच्या (चाकाच्या तुंब्यात बसवलेल्या गिअरच्या) शिफ्टरला तर ठरावीक जागा त्याच्याही आधीपासून होत्या. केवळ खाचांचा विचार केला तर 1984 हे वर्ष उशिराचे ठरते. तरीही ते स्वीकारणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण खाचांना उपयोगी पडेल अशी बाकीची जुळणी त्या संचात एकत्र आली. सनटूर या कंपनीने 1964 मध्ये आणलेल्या तिरप्या समांतरभुज डिरेलरचे पेटंट याच सुमारास संपले. त्या रचनेमुळे डिरेलरमधील वरची पुली (चेनला दिशा देणारे लहान चाक) सर्व चक्रांपासून जवळजवळ सारख्या अंतरावर राहते. शिमानोने तिला वरच्या सांध्यातील स्प्रिंगची व बाजूला किंचित हलणाऱ्या पुलीची जोड दिली. खाचेत राहणारी थोडी चूक ती पुली सामावून घेते.

केबलच्या आवरणाचा म्हणजे आउटरचा वाटाही मोठा आहे. ब्रेकच्या आउटरमधील वेटोळी तार वळणावर दबते, लांबी बदलते आणि खाचांचा हिशेब चुकतो. गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने असल्याने तो दबत नाही. हाच आउटर ब्रेकला लावणे मात्र धोक्याचे असते; जोराच्या दाबाने तो फाटू शकतो.

शिमानोच्या आठ चक्रांच्या संचात एका खाचेला सुमारे 2.8 मिमी केबल ओढली जाते. डिरेलर तिच्या सुमारे 1.7 पट सरकतो, म्हणजे जवळपास 4.8 मिमी, दोन चक्रांमधले अंतरही तेवढेच असते. स्रॅम या कंपनीच्या ‘वन-टू-वन’ डिरेलरचे गुणोत्तर वेगळे असल्याने त्यांचा शिफ्टर याला जुळत नाही. फ्रिक्शनला ही अडचण नाही.

जुळणीपूर्वी डिरेलरचा हँगर (तो चौकटीला ज्या तुकड्यावर टांगतात तो) सरळ आहे का ते पाहतात. तो वाकडा असेल तर पुढचे सारे श्रम वाया जातात. केबल सोडून, चेन सर्वांत लहान चक्रावर ठेवून ‘एच’ स्क्रूने (लहान चक्राकडील मर्यादा ठरवणाऱ्या) पुली त्या चक्राच्या रेषेत आणतात. बॅरल अ‍ॅडजस्टर (केबलचा ताण कमी-जास्त करणारी आट्याची नळी) पूर्ण आत फिरवून एखादा फेरा मागे घेतात, शिफ्टर पहिल्या खाचेत ठेवतात, केबल हाताने ताणून 5 ते 7 न्यूटन-मीटरने बोल्ट आवळतात. मग दुसऱ्या चक्रावर जाऊन, तिसऱ्याला चेन घासल्याचा आवाज येईपर्यंत बॅरल बाहेर फिरवतात आणि आवाज थांबेपर्यंतच परत घेतात. बॅरलचा आटा सहसा 0.8 मिमीचा असतो. म्हणून वरील संचात पाव फेऱ्याने डिरेलर सुमारे एक तृतीयांश मिमी सरकतो. एकदम पूर्ण फेरा देऊ नये. ‘एल’ स्क्रू (मोठ्या चक्राकडील मर्यादा ठरवणारा) चेन आऱ्यांत पडणार नाही असा बसवतात. ‘बी’ स्क्रूने पुली व सर्वांत मोठे चक्र यांच्यात 5 ते 6 मिमी फट ठेवतात.

चेन मोठ्या चक्रावर चढायला कुरकुरत असेल तर ताण कमी आहे. बॅरल घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावा. लहान चक्रावर उतरायला वेळ लागत असेल तर ताण जास्त असतो, किंवा केबल आउटरमध्ये अडकते. पावसाळ्यात चिखल शिरल्यावर हे दुसरे कारणच अधिक आढळते. तेव्हा बॅरल फिरवून उपयोग नसतो. केबल व आउटर बदलावेत, आणि आउटरचे टोक सरळ कापून त्यावर टोपी बसवावी. नवी केबल काही दिवसांत बसते व ताण उतरतो. पाव-अर्धा फेरा पुरतो.

फ्रिक्शनमध्ये चेन मोठ्या चक्रावर नेताना दांडा थोडा पुढे नेऊन मागे घ्यावा लागतो. दांडा आपोआप सरकून गिअर उतरत असेल तर मधला स्क्रू आवळावा. चकत्यांना तेल देऊ नये. पाच ते आठ चक्रांना ही पद्धत सोयीची. दहा-अकरा चक्रांत अंतर चार मिमीच्या आत येते व हाताचा अंदाज चुकू लागतो.

रोजच्या रहदारीत, घाटात, किंवा उभे राहून पेडल मारताना इंडेक्स निःसंशय सरस आहे. दुर्गम भागांतील लांबच्या प्रवासात, सुटे भाग जमतील तसे लावावे लागतात तिथे, फ्रिक्शन उपयोगी पडते. पेडलजवळच्या चक्रांवर चेन सरकवणाऱ्या पुढच्या डिरेलरला ते आजही चांगले, कारण मागचा गिअर बदलल्यावर चेनला घासणारा त्याचा पिंजरा केसभर हलवता येतो. काही शिफ्टरमध्ये कडी फिरवून दोन्ही पद्धती वापरता येतात. वाटेत हँगर वाकला तर अशा शिफ्टरवर फ्रिक्शनने मुक्कामापर्यंत जाता येते, मात्र सर्वांत मोठे चक्र टाळावे, कारण आत वाकलेला डिरेलर आऱ्यांत अडकू शकतो.