ठिणगी लांबवायची तर आधी गळती शोधा

घरी बनवलेलं व्हॅन डी ग्राफ यंत्र (फिरत्या पट्ट्याने धातूच्या पोकळ घुमटावर विद्युतभार साठवणारं यंत्र) पहिल्यांदा चालू केलं की बहुतेकांच्या वाट्याला दीड-दोन सेंटिमीटरची ठिणगी येते. घुमटाजवळ हात नेला की अंगावरचे केस थोडे उभे राहतात, बारीक चटचट ऐकू येते, आणि खेळ संपतो. मग लक्ष जातं ते मोटरकडे. मोठी मोटर आणू, वेग वाढवू, पट्टा रुंद करू! एवढी खटपट करूनही ठिणगी जेमतेम वाढते. भार तयार होत असतोच. तो घुमटावर टिकत नसतो.

यंत्राची रचना साधी आहे. खाली एक रोलर, वर घुमटाच्या आत दुसरा, आणि दोघांवरून फिरणारा रबरी पट्टा. खालच्या रोलरसमोर जमिनीला जोडलेली तारांची फणी असते. रोलर आणि पट्टा सतत एकमेकांना चिकटतात आणि सुटतात, त्यातून रोलरवर भार साचतो. त्याच्या ओढीने फणीच्या टोकांपाशी हवा आयनित होते, म्हणजे वीज वाहू देते, आणि विरुद्ध प्रकारचा भार पट्ट्याच्या बाहेरच्या बाजूवर फवारला जातो. पट्टा तो वर नेतो आणि वरची फणी तो उतरवून घेते.

खरी हुशारी या वरच्या टप्प्यात आहे. पोकळ वाहकाला दिलेला भार त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर जाऊन बसतो. फॅरेडेने हे 1843 साली धातूच्या बादलीवरच्या प्रयोगातून दाखवून दिलं होतं. त्यामुळे घुमटाच्या बाहेर लाखो व्होल्ट असले, तरी आतल्या फणीला भार सोडताना त्यांचा विरोध जाणवत नाही. तो विरोध पट्टा चढताना होतो आणि त्याची किंमत मोटर मोजते. याच तत्त्वावर रॉबर्ट व्हॅन डी ग्राफने 1929 मध्ये प्रिन्स्टनला सुमारे 80,000 व्होल्टचं पहिलं यंत्र बनवलं. 1931 पर्यंत त्याने विरुद्ध भाराचे दोन गोल समोरासमोर ठेवून त्यांच्यातला व्होल्टेजचा फरक 15 लाख व्होल्टपर्यंत नेला होता.

मग दीड-दोन सेंटिमीटरची ठिणगी देणारा आपला घुमट 50,000 व्होल्टच्या आसपास का अडतो? वर नळ चालू आणि तळाला भोक असलेली टाकी डोळ्यांसमोर आणा. जेवढं पाणी येतं तेवढंच गळू लागलं की पातळी थांबते. घुमटाचं व्होल्टेजही असंच, येणारा प्रवाह आणि गळणारा प्रवाह समान होतात तिथे थांबतं. पट्टा 5 मायक्रोअँपिअर आणत असेल आणि घुमटापासून जमिनीपर्यंतच्या वाटेचा एकूण रोध 1000 कोटी ओहम असेल, तर गुणाकार येतो बरोबर 50,000 व्होल्ट. हजार कोटी ओहम म्हणजे साधा मल्टिमीटर ज्याला बेधडक ‘उघडं सर्किट’ म्हणेल असा रोध! या यंत्राच्या लेखी मात्र तो चक्क गळका आहे. इथून व्होल्टेज दुप्पट करायचं तर प्रवाह दुप्पट करा, नाहीतर गळती निम्मी करा. माझ्या मते दुसरी वाट जवळपास नेहमीच स्वस्त पडते.

आधी निदान करावं. यंत्र बंद असताना घुमट आणि जमीन यांच्यामध्ये एक काट्याचा मायक्रोअँपिअरमापक घट्ट जोडा आणि मग पट्टा सुरू करा. घुमट जमिनीला जोडलेला असल्यामुळे व्होल्टेज चढत नाही, गळतीला वाव उरत नाही, आणि पट्टा किती भार वाहतो ते सरळ वाचता येतं. जोडणी काढायची ती यंत्र थांबल्यावरच. प्रवाह चांगला आणि ठिणगी आखूड, तर गळती आहे. प्रवाहच अर्धा मायक्रोअँपिअर असेल तर रोलर, फणी किंवा पट्ट्याकडे वळा.

गळती शोधायला सगळ्यात उत्तम साधन म्हणजे अंधार. खोली पूर्ण काळोखी करून डोळे सरावेपर्यंत थांबा आणि यंत्र चालवा. जिथून भार हवेत निसटतो तिथे जांभळट झाक दिसते: एखाद्या स्क्रूच्या टोकाशी, दोन अर्धगोल जुळतात त्या कडेला, घुमटाला चिकटलेल्या धुळीच्या धाग्यावर. हलकी सुसकारीही ऐकू येते. पदार्थाच्या अंगातून किंवा पृष्ठभागावरून होणारी गळती मात्र अशी दिसत नाही. तिच्याकडे नंतर येऊ.

टोकांवर एवढा रोख का? कोरड्या हवेत विद्युतक्षेत्र सेंटिमीटरमागे साधारण 30,000 व्होल्टच्या वर गेलं की हवा वाहक बनू लागते. गोल पृष्ठभागाजवळचं क्षेत्र म्हणजे व्होल्टेज भागिले त्रिज्या. म्हणून 20 सेंटिमीटर व्यासाच्या, अगदी गुळगुळीत घुमटाची कमाल मर्यादा 3 लाख व्होल्ट. प्रत्यक्षात त्याच्या निम्मं मिळालं तरी समाधान मानावं. मात्र त्याच घुमटावर अर्धा मिलिमीटर त्रिज्येचं टोक बाहेर आलं असेल, तर त्याच्याभोवती क्षेत्र एकवटतं आणि मोठ्या मर्यादेच्या खूप आधीच हवा फुटते. घुमटावरचा एक ओरखडा महागात पडतो तो असा.

घुमटाची सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे त्याचं तळाचं भोक, जिथून पट्टा आत शिरतो. स्टीलचे दोन वाडगे जोडून घुमट केला असेल तर खालच्याला भोक पाडताना धारदार कड राहते, आणि सगळं यंत्र तिथूनच गळतं. ही कड आतल्या बाजूला गोलाईने वळवता आली तर उत्तम. ते जमत नसेल तर कडेभोवती तांब्याची जाड नळी वाकवून गुळगुळीत रिंग बसवावी आणि ती घुमटाला विद्युतदृष्ट्या जोडावी. मधली जोडरेषा ॲल्युमिनिअमच्या चिकटपट्टीने झाकता येते, पण पट्टी नखाने घासून पूर्ण सपाट करायला हवी. सुरकुती राहिली की नवीन धार तयार. घुमट मोठा करायचा विचार असेल तर ही डागडुजी झाल्यावरच करा; मोठ्या व्यासाच्या खडबडीत घुमटापेक्षा लहान, गुळगुळीत घुमट कधीही बरा.

आता खांब, म्हणजे घुमटाला तोलून धरणारा विद्युतरोधक आधार. दमट दिवशी यंत्र रुसतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याचं कारण बहुधा चुकीचं सांगितलं जातं. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा लवकर फुटते असं नाही. ओलाव्याचा पातळ थर खांबावर आणि पट्ट्यावर बसतो, त्यात हाताचा घाम आणि धूळ मिसळते, आणि भाराला खाली उतरायला आयती वाट मिळते. म्हणून खांब आणि पट्टा थोडे गरम ठेवले की काम भागतं. चालवण्यापूर्वी हेअर ड्रायर दोन-चार मिनिटं फिरवला तरी फरक डोळ्यांना दिसतो. खांब आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, ते पूर्ण उडून जाऊ द्यावं (ठिणगीचं यंत्र आहे, वाफ पेट घेते), आणि त्यानंतर उघड्या हाताने त्याला शिवू नये. लाकडी खांब दिसायला देखणा, पण तो ओल धरतो. पीव्हीसीचा किंवा ॲक्रिलिकचा पाइप घ्या.

पट्ट्याचा रंगही पाहा. काळ्या रबरात बहुधा कार्बनची पूड मिसळलेली असते आणि ती वीज वाहून नेते, त्यामुळे भार वर चढण्याआधीच खाली झिरपतो. व्यायामासाठी मिळणारी लेटेक्सची पट्टी चांगली चालते. मात्र तिच्यावरची पावडर साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून मगच चढवावी.

एवढं झाल्यावर प्रवाह वाढवण्याला अर्थ आहे, आणि त्यालाही कमाल मर्यादा आहेच. पट्ट्यावर भार दाटला की त्याच्याजवळची हवाच फुटते. पट्ट्याच्या एका बाजूचंच विद्युतक्षेत्र धरून गणित केलं तर दर चौरस मीटरला साधारण 26 मायक्रोकूलॉम भार बसतो. 5 सेंटिमीटर रुंद पट्टा सेकंदाला 5 मीटर पळाला तर होतात साडेसहा मायक्रोअँपिअर. प्रत्यक्ष आकडा याहून कमी असतो. रुंदी किंवा वेग वाढवला तर प्रवाह त्याच प्रमाणात वाढतो, फक्त पट्टा फडफडायला लागला की थांबावं. रोलर मधोमध किंचित जाड ठेवला (चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे पुरतात) तर पट्टा कडेला सरकत नाही.

वेगापेक्षा मोठा फायदा परतीच्या फेरीत दडलेला असतो. पट्टा वर भार सोडून रिकामा खाली येतो, म्हणजे अर्धा प्रवास फुकट. खालचा रोलर टेफ्लॉनचा आणि वरचा नायलॉनचा ठेवला, तर रबराशी संपर्क येऊन टेफ्लॉन ऋण होतं, नायलॉन धन. खालची फणी धन भार चढवते, आणि वरची फणी उतरत्या पट्ट्यावर ऋण भार पाठवते. ऋण भार घुमटावरून काढून नेणं म्हणजे तिथे तेवढाच धन भार देणं. दोन्ही बाजू नीट जमल्या तर प्रवाह जवळपास दुप्पट होतो, तोही मोटरचा वेग न वाढवता. फण्या पट्ट्यापासून दोन-तीन मिलिमीटर दूर, न घासता. खालची फणी जमिनीला पक्की जोडलेली आहे ना, हेही तपासावं. कित्येक ‘मेलेली’ यंत्रं एवढ्यावर जिवंत होतात.

काही जण घुमटाला लायडन जार (भार साठवणारी काचेची बरणी) जोडतात आणि यंत्राची ताकद वाढली म्हणून खूश होतात. आवाज वाढतो हे खरं, ठिणगीची लांबी मात्र वाढत नाही, आणि दोन ठिणग्यांमधला वेळही लांबतो. 20 सेंटिमीटरच्या घुमटाची धारिता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, जेमतेम 11 पिकोफॅरड. 2 लाख व्होल्टवर त्यात सुमारे 0.2 ज्यूल ऊर्जा असते. त्याचा झटका दचकवतो. 1000 पिकोफॅरडचा जार 1 लाख व्होल्टला भरला तर ऊर्जा 5 ज्यूल होते, आणि तिथे खेळ संपून धोका सुरू होतो. जार नसला तरी पेसमेकर बसवलेल्याने या यंत्राच्या जवळपास फिरकू नये. मोबाइल आणि संगणकही चार हात लांब ठेवावेत. यंत्र थांबवल्यावर विद्युतरोधक दांड्याला लावलेला, जमिनीशी जोडलेला धातूचा गोळा घुमटाला टेकवून भार उतरवावा. जार जोडलेला असेल तर त्याची दोन्ही टोकं एकमेकांना आणि जमिनीला जोडून ठेवावीत, कारण एकदा रिकामा केलेला जारही काचेत उरलेल्या भारामुळे थोड्या वेळाने पुन्हा चावू शकतो.