कागदी वेष्टनाची गोळी

शिशाच्या गुळगुळीत गोळीला पातळ कागदाचे दोन वेढे देऊन ती आटेदार नळीच्या रायफलीतून झाडण्याची पद्धत. बिनधुराची दारू येण्यापूर्वीची तीसेक वर्षे ८०० ते १,००० यार्डांवर (सुमारे ७३० ते ९१५ मीटर) जी अव्वल नेमबाजी झाली, ती मुख्यतः याच गोळीच्या भरवशावर. काळ्या, म्हणजे जुन्या धुराच्या, दारूच्या स्पर्धांमध्ये ती आजही वापरतात.

शिसे मऊ असते, म्हणून नळीतल्या सर्पिल खाचांत ते सहज दबते आणि गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते. पण त्याच मऊपणामुळे ते पोलादावर घासले जाते आणि नळीला त्याचा लेप बसतो. बारामागून बार हा लेप वाढतो आणि नेम ढळू लागतो. यावर दोन उपाय रूढ झाले. एक, गोळीच्या अंगावर आडव्या खोबणी पाडून त्यांत मेण आणि चरबी भरायची. दुसरा, गोळीला कागद गुंडाळायचा, म्हणजे शिशाचा पोलादाला स्पर्शच होत नाही. खोबणींची गोळी करायला सोपी. तरी लांब पल्ल्यासाठी जाणत्यांनी कागदच निवडला. कागदाची गोळी अंगाने गुळगुळीत आणि लांब ठेवता येते, आणि एका गोळीपासून दुसरीपर्यंत तिचे माप हलत नाही.

वेष्टनाचा कागद चिंध्यांच्या लगद्याचा, चिवट आणि साधारण ०.०५ मिलिमीटर जाडीचा असतो. पत्र्याचा नमुना ठेवून त्याचे तिरकस टोकांचे तुकडे कापतात. टोके तिरकी असल्यामुळे दोन वेढे पूर्ण झाल्यावर कडा एकमेकींना नेमक्या भिडतात, एकीवर दुसरी चढत नाही. चढली तर तिथे गोळी एका बाजूला जाड होते आणि पुढे भोवऱ्यासारखी डुलते. तुकडा पाण्यात भिजवून सपाट पाटावर ठेवायचा, गोळी त्यावर बोटांनी ताणून लाटायची आणि बुडाखाली उरलेला कागद पिळायचा किंवा घडी घालून आत दाबायचा. त्यासाठी गोळीच्या बुडाला किंचित खोलगट भाग ठेवलेला असतो. ओला कागद धाग्यांच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो आणि वाळताना आक्रसून गोळीला घट्ट धरतो. त्यामुळे तुकडा कापतानाच धाग्याची दिशा पाहावी लागते. ४५ कॅलिबरच्या (नळीचा व्यास ०.४५ इंच) रायफलीसाठी ११.२३ मिलिमीटर व्यासाची गोळी घेतली, तर दोन वेढ्यांनी व्यासात चार थर वाढतात आणि माप ११.४३ मिलिमीटरवर येते. खाचांमधल्या उंचवट्यांच्या आतून ती बोटाने ढकलली तरी सरकते.

मग इतकी सैल गोळी खाचा धरते कशी? काळी दारू पेटताच धक्का गोळीच्या बुडावर बसतो. टोक जडत्वामुळे क्षणभर मागे राहते, मधले अंग दबून फुगते आणि कागदासकट खाचांत शिरते. म्हणून गोळीत कथील बेताने घालतात: सोळा ते वीस भाग शिशाला एक भाग. कथील जास्त झाले तर गोळी फुगत नाही, फारच कमी पडले तर तिचे टोक वाकडे होते.

नळीच्या तोंडातून बाहेर येताच कागद सुटून पडायला हवा. एखादी पट्टी चिकटून राहिली, तर तो बार फुकट गेला असे समजावे. बार झाल्यावर रायफलीपुढच्या गवतात कागदाचे कपटे पडतात, आणि मुरलेला नेमबाज ते वेचून पाहतो. खाचांच्या कडांनी सरळ चिरलेल्या पट्ट्या मिळाल्या तर सगळे जुळले आहे. कपटे करपलेले किंवा भोकाभोकांचे असले तर नळी खरखरीत आहे, काजळी घट्ट बसली आहे किंवा वंगण अपुरे आहे. काळी दारू जळल्यावर निम्म्याहून अधिक भाग घन अवशेषाच्या रूपाने उरतो. कोरड्या उन्हात तो खरपुडीसारखा कडक होतो आणि पुढच्या गोळीचा कागद फाडतो. म्हणून दोन बारांमध्ये ओल्या फडक्याने नळी पुसण्याचा कंटाळा करून चालत नाही.

कागदात गुंडाळलेल्या गोळीची एक हकीकत मराठी वाचकाच्या चांगल्या ओळखीची आहे, फक्त ती या अंगाने सांगितली जात नाही. १८५३च्या नमुन्याची एन्फिल्ड ही ठासणीची रायफल होती. तिच्या काडतुसात दारू आणि गोळी एकाच कागदी नळकांड्यात असत. शिपायाने दारूकडचे टोक फाडायचे, दारू नळीत ओतायची, काडतूस उलटे करून गोळीकडचे टोक नळीच्या तोंडात घालायचे, वर उरलेला कागद तोडून टाकायचा आणि गोळी तिच्याभोवतीच्या कागदासह गजाने ठासायची. तो कागद नळीतून सहज सरकावा म्हणून गोळीकडच्या टोकाला वंगण लावलेले असे. चरबी एका टोकाला आणि दात लागायचे दुसऱ्या टोकाला, हे खरे. पण कवायतीत काडतूस दाताने तोडायची रीत होती, आणि १८५७च्या सुरुवातीला शिपायांचा संशय नव्या कागदाच्या चकाकीवरही होता. त्या संशयाचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

लांब पल्ल्याच्या स्पर्धेसाठी या गोळीला धार आणली ती इंग्लंडच्या विल्यम मेटफर्ड यांनी. १८६५च्या सुमारास त्यांनी उथळ खाचांची नळी आणि कडक केलेली, कागद गुंडाळलेली गोळी एकत्र आणली. २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावर आयर्लंड आणि अमेरिकेचे प्रत्येकी सहा नेमबाज ८००, ९०० आणि १,००० यार्डांवर भिडले. आयरिश लोक रिग्बीच्या ठासणीच्या रायफली घेऊन आले होते, अमेरिकन संघाकडे मागून भरायच्या शार्प्स आणि रेमिंग्टन होत्या. गोळ्या दोघांच्याही कागदी वेष्टनाच्या. अमेरिका ९३४ विरुद्ध ९३१ अशी जिंकली. ९०० यार्डांवर मिल्नर या आयरिश नेमबाजाची एक गोळी बरोबर मध्यावर लागली, पण चुकीच्या निशाणावर, आणि चार गुण गेले. त्या दिवशी गोळ्यांनी कुणाला दगा दिला नाही.

ब्रिटिश सैन्याच्या १८७१च्या मार्टिनी-हेन्री रायफलीलाही ४८० ग्रेनची (सुमारे ३१ ग्रॅम) कागदी वेष्टनाची गोळी होती. १८८२च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिन यांनी शिशावर तांब्याचे कवच चढवले, १८८६मध्ये फ्रान्सच्या लेबेल रायफलीसोबत बिनधुराची दारू सैन्यात आली, आणि कागदाचे काम धातूकडे गेले. नव्या दारूच्या वेगाला आणि उष्णतेला उघडे शिसे पुरे पडत नव्हते.

तरी पद्धत विसरली गेली नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या रॅटनसारख्या मैदानांवर आणि इंग्लंडच्या बिस्लीला काळ्या दारूच्या लांब पल्ल्याच्या स्पर्धा होतात, आणि तिथले लोक आजही रात्री बसून पत्र्याच्या नमुन्यावर कागद कापतात. वेढा नळीच्या पिळाच्या दिशेने द्यावा की उलट, यावर त्यांचे अजून एकमत नाही.